उंबऱ्यावरचा प्रबंध

बेबीला वीस वर्षं पूर्ण झाली होती, ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, तिला चष्माही लागला होता. तरी अख्खी इमारत तिला बेबीच म्हणायची. पेपर टाकणारासुद्धा खालून "बेबी, पेपर!" म्हणून आरोळी ठोकायचा. माणूस एकदा घरात धाकटा म्हणून जन्माला आला, की त्याच्या शहाणपणाची नोंद कुठल्याच दप्तरी होत नाही. बेबीनं मात्र मनाशी पक्कं केलं होतं, की आपला प्रबंध एकदा होऊ दे, मग बघू कोण बेबी म्हणतंय ते.

प्रबंध म्हणजे तसा काही मोठा नव्हे. समाजशास्त्र घेतलेल्या मुलामुलींना शेवटच्या वर्षी एक छोटा प्रबंध लिहावा लागे आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर बसून त्याची तोंडी परीक्षा द्यावी लागे. पण बेबीचं पुढचं सगळं त्या छोट्या प्रबंधावर टांगलेलं होतं. बाबांनी स्वच्छ सांगितलं होतं, "पहिला वर्ग आणलास तर एम.ए. कर, मी अडवणार नाही. नाहीतर तुझ्या काकांच्या ऑफिसात टायपिस्टची जागा आहे. ते माझ्या शब्दावर थांबलेत." बाबा एकदा बोलले की बोलले. मुळात ते बोलायचेच कमी. सकाळी डबा उचलायचा, "येतो" म्हणायचं आणि जिना उतरायचा, एवढाच त्यांचा निरोप. मागं वळून बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मार्गदर्शक म्हणून बेबीच्या वाट्याला आले ते ‘हं सर’. त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, पण ते वाचायची गरज कुणाला पडत नसे. सर विद्वान होते यात वाद नव्हता. विद्वान असल्याशिवाय इतक्या कमी शब्दांत कुणाचं भागत नाही. आपण काहीही सांगितलं तरी ते "हं" म्हणायचे. शाबासकीचं हं, नापसंतीचं हं आणि ‘माझा चहा गार होतोय’चं हं, असे त्यांच्यात बारीक फरक असतात, अशी वरच्या वर्गातल्या मुलांची श्रद्धा होती. बेबीला तिन्ही सारखीच ऐकू येत.

पहिल्या भेटीला ती विषय घेऊन गेली : ‘मानवी संस्कृतीचा उगम, विकास आणि भवितव्य’. विषय तिनं मुद्दाम भारदस्त निवडला होता. अर्धा तास ती उगमावर बोलली. सर म्हणाले, "हं." ती विकासावर बोलली. "हं." भवितव्यापर्यंत पोचायच्या आत तिचा धीर सुटला. कागद गोळा करून ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि दाराशी पोचली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो, तुमच्याकडे पाहुणे ‘निघतो’ म्हणाले की लगेच जातात का हो?"

बेबीला वाटलं, सर सहज विचारतायत. ती म्हणाली, "छे! जातात कुठले सर? दारात उभे राहतात. आत बसले होते त्याच्या दुप्पट."

"का?"

"का म्हणजे... आता ते कसं सांगणार?"

"मग तेच बघा की. मानवाचं भवितव्य काही पळून जात नाही." आणि सरांनी पुन्हा कागदात मान घातली.

घरी येऊन तिनं विषय सांगितला तेव्हा बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. हे फार क्वचित घडायचं. "पाहुणे दारात उभे राहतात याच्यावर पदवी? मग तुझ्या आईला डॉक्टरेट द्यायला हवी."

"द्या की," आई आतून म्हणाली. "कुणी नाही म्हटलंय?"

यात आईचा अधिकार मोठा होता. समोरच्या दारातल्या काकू आणि आई यांचा निरोप म्हणजे एक शास्त्रच होतं. काकू वाटी परत करायला यायच्या. आत बसून चहा व्हायचा, हवापाण्याचं बोलणं व्हायचं. मग काकूंचं पहिलं "येते हं" व्हायचं. ती नुसती पूर्वसूचना. दुसरं "येते" चपलेत एक पाय घातल्यावर. मग दाराच्या चौकटीला हात टेकायचा आणि "अहो, सांगायचंच राहिलं" अशी खरी सुरुवात व्हायची. ते संपलं की काकू निघायच्या, चार पावलांवर स्वतःच्या दारात पोचायच्या, कुलूप काढायच्या आणि तिथून वळून पुन्हा बोलायला लागायच्या. आता दोन्ही दारं उघडी असल्यानं बोलण्याला दोन्हीकडून वारा लागायचा. आत दूध उतू जायचं. बाबा वर्तमानपत्राआडून ओरडायचे, "आत तरी या, नाहीतर जा तरी!" इतकी वर्षं बाबा हे वाक्य म्हणत आले होते, आणि इतकी वर्षं त्या वाक्यानं कुणी आतही आलं नव्हतं आणि गेलंही नव्हतं.

तर विषय घरचाच होता. पण घरचा विषय कचेरीत न्यावा लागतो आणि तिथं माणसाला आपली लायकी कळते. विषयाला मान्यता देणाऱ्या खिडकीपलीकडच्या कारकुनानं ‘निघताना दारात होणारे संभाषण : एक अभ्यास’ हे शीर्षक दोनदा वाचलं.

"दार?" तो म्हणाला. "दार आमच्याकडे येत नाही. स्थापत्याकडे जा."

बेबी स्थापत्य विभागात गेली. तिथल्या शिक्षकांनी मोठ्या आस्थेनं विचारलं, "लाकडी घेताय की लोखंडी?" ती परत आली. कारकून म्हणाला, "पाहुणे आहेत ना यात? मग गृहविज्ञान." गृहविज्ञानवाल्या बाई म्हणाल्या, पाहुणा घरात असेपर्यंत आमचा, दारात गेला की आमचा संबंध संपला. ती पुन्हा खिडकीशी आली तेव्हा कारकून खिडकीचं झाकण ओढत होता. तिला रडू यायच्या बेतात होतं. ती वळली. आणि झाकण अर्ध्यावर थांबलं.

"अहो ताई, ऐका. ‘संभाषण’ पुढं घ्या आणि ‘दार’ मागं ढकला. ‘संभाषणाचे काही प्रकार, विशेषतः दारातले’. मग ते आमच्याकडेच येतं. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

हे सगळं तिनं सरांना सांगितलं. सर म्हणाले, "हं." ती दाराशी पोचल्यावर म्हणाले, "खिडकीही नोंदवा. झाकण ओढताना बोलला ना तो? आधी का नाही बोलला?"

मग बेबी कामाला लागली. दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर पायरीवर बसायचं, मांडीवर वही, कानामागे पेन्सिल. कोण कुणाकडे आलं, आत काय बोललं आणि निघताना काय बोललं, सगळं टिपायचं. पहिले काही दिवस अगदी सुगीचे गेले. आतलं बोलणं म्हणजे हवा, गुडघे आणि भाजीचे भाव. दारातलं म्हणजे कुणाच्या जावयाची बदली, कुणाच्या घरातला अबोला, कुणाला डॉक्टरनं काय सांगितलं. बेबी हरखून गेली. संस्कृतीचा उगम तिला आपल्याच जिन्यात सापडला होता.

आणि मग पोस्टमास्तरांना समजलं.

पोस्टमास्तर वरच्या मजल्यावर राहायचे. पोस्टातून निवृत्त झाले होते, पण वितरणाची सवय सुटली नव्हती. आता पत्रांच्या जागी सल्ले वाटायचे. ते पायरीवर तिच्या शेजारी येऊन बसले. "बेबी, तू असं चोरून लिहिणं शास्त्राला धरून नाही. नमुना कसा स्वच्छ हवा. मी येतो तुमच्याकडे. मला नोंदव."

ते खरंच आले. आत बसलेसुद्धा नाहीत. निघायलाच आले होते. दारात उभे राहून खाकरले. "मी आता निघतो आहे. तयार आहेस ना?" आणि त्यांनी टपालखात्यातल्या आपल्या कारकिर्दीवर, प्रामाणिकपणावर आणि पुढच्या पिढीच्या कर्तव्यावर पाठ केलेलं भाषण म्हटलं. मध्येच थांबून विचारायचे, "झालं लिहून? ‘कर्तव्य’ नीट लिहिलंस ना?" बाबा आतून "आत तरी या" म्हणाले तर पोस्टमास्तरांनी त्यांना गप्प बसायची खूण केली. शास्त्राचं काम चाललं होतं.

एवढ्यावर भागतं तरी बरं होतं. पण त्यांनी घरोघर जाऊन सगळ्यांना मोलाची सूचना दिली, की यापुढं दारात जपून, शुद्ध आणि मुद्द्याचं बोला, कारण ते विद्यापीठात जाणार आहे.

समोरच्या काकू बेबीला जिन्यात आडव्या आल्या. "काय गं, मी आईशी बोलते ते प्रोफेसर लोक वाचणार?"

"नाव नाही घालणार काकू."

"नाव कशाला हवंय? ‘समोरच्या’ म्हटलं की झालं. एवढीशी होतीस, माझ्या ओट्यावर बसून साखर खायचीस. आता माझंच बोलणं खायला निघालीस?"

दुसऱ्या दिवशी काकू वाटी परत करायला आल्या. चहा घेतला. "येते," म्हणाल्या आणि सरळ निघून गेल्या. चार पावलं, कुलूप, दार बंद.

आई वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. "हिला झालं काय? माझं काही चुकलं का?" संध्याकाळी आई काकूंकडे काहीतरी मागायला गेली आणि तीही ठरवून लगेच परत आली. "मला का मान नाही? आम्हालाही ‘येते’ म्हणता येतं."

मग इमारतीला जणू थंडी भरली. लोक एकमेकांकडे यायचे, बसायचे, "येतो" म्हणून जायचे. जिन्यात नुसता चपलांचा आवाज. कुणी कुणावर रागावलं नव्हतं, पण प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा रागावलाय. बेबी पायरीवर बसून कोरी वही बघत होती. दुधाची पातेली मात्र सगळ्यांची स्वच्छ होती.

अशात टाकी धुवायचा दिवस आला. टाकी कधी धुणार हे या इमारतीत कुणी कधी लिहून लावलं नव्हतं. तळमजल्यावरून वरपर्यंत ते दारादारातून जायचं : "येते हं, आणि उद्या पाणी नाही, भरून ठेवा." त्या वेळी कुणीच कुणाच्या दारात उभं राहिलं नाही, त्यामुळं ते तळमजल्यावरच राहिलं. सकाळी ऐन घाईच्या वेळी नळ खाकरले आणि बंद पडले. मजल्यामजल्यावरून डोक्याला साबण लावलेली माणसं ओरडायला लागली. पोस्टमास्तर टॉवेल गुंडाळून जिन्यात आले आणि एका डोळ्यानं इमारतीकडे रागानं बघू लागले. दुसऱ्यात साबण गेला होता.

बाबांची दाढी अर्धी झाली होती. ऑफिसला उशीर करणं त्यांच्या तत्त्वात नव्हतं. पिण्याच्या पाण्यातलं थोडं घेऊन त्यांनी फेस पुसला आणि उजवा गाल गुळगुळीत, डावा खरखरीत अशा अवस्थेत ते कामावर गेले. संध्याकाळी परतले ते डाव्या गालावर हात ठेवूनच. "साहेबांनी विचारलं, दात दुखतोय का? मी हो म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात खोटं बोललो." मग बेबीकडे बघून म्हणाले, "काकांना उद्या कळवू का?"

बेबी दुसऱ्या दिवशी सरांच्या समोर जाऊन बसली. "सर, माझ्या अभ्यासानं माझा विषयच मेला. कुणी दारात बोलतच नाही. आई आणि काकूंचं बिनसलं. पाणी बंद पडणार हे कुणाला कळलंच नाही, बाबा अर्ध्या दाढीनं ऑफिसला गेले."

"हं."

तिला त्या ‘हं’चा इतका राग आला, की ती उठली आणि तरातरा दाराकडे गेली.

"मेला तेव्हा काय काय बंद पडलं, तेही लिहा," सर मागून म्हणाले. "पाणी बंद पडलं, ते छान आहे. आणि आता ती पेन्सिल घरी ठेवा. नुसत्या उभ्या राहा."

तिनं पेन्सिल घरी ठेवली. लोकांना विश्वास बसायला थोडे दिवस गेले. आधी तळमजल्यावर कुणीतरी "येते" म्हणून चौकटीला हात टेकला. मग बोलणं हळूहळू जिना चढायला लागलं. समोरच्या काकूंचं दार मात्र बंदच. शेवटी एका दुपारी आई म्हणाली, "त्यांची वाटी राहिलीय माझ्याकडे. चल माझ्याबरोबर. एकटी गेले तर भांडेन."

काकूंनी बसायला सांगितलं. हवेचं बोलणं झालं. गुडघ्यांचं झालं. आई म्हणाली, "येते वहिनी." काकू म्हणाल्या, "या." आईनं चपलेत पाय घातला. काकूंनी दाराला हात लावला. दार काही लागेना.

"अहो, डोळ्याचं ऑपरेशन सांगितलंय मला," काकू एकदम म्हणाल्या. त्या चौकटीकडेच बघत होत्या. "मुलाला नाही कळवलं. तो म्हणेल, रजा मिळत नाही. मग मला राग येईल. ते नको. पण भीती वाटते हो. अंधारात पडून राहायचं, आणि पट्टी काढल्यावर काही दिसलंच नाही तर?"

आईनं चपलेतला पाय काढला. "वेड्या आहात का? मी येणार. मी नसेन तेव्हा बेबी बसेल. आणि इतके दिवस हे पोटात ठेवून नुसतं ‘येते, येते’ करत होतात?"

"तुमची लेक लिहिते ना..."

बेबीनं दोन्ही हात पुढं केले. हात रिकामे होते. काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि तिचा कान धरला. लहानपणी धरायच्या तसाच. मग आई आणि काकू किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. घरी दूध उतू गेलं होतं. बाबा पुसत होते.

त्या संध्याकाळी बेबीनं आधीचं लिखाण बाजूला सारलं आणि पहिल्या ओळीपासून नव्यानं सुरुवात केली. आत बसलेल्या माणसाला, तिनं लिहिलं, बोललेल्याचं उत्तर ऐकून घ्यावं लागतं. दारातल्या माणसाचा एक पाय बाहेर असतो. नको ते उत्तर आलं तर त्याला जाता येतं. म्हणून जे सगळ्यात जड, ते तो दारापर्यंत उचलून आणतो आणि तिथं ठेवतो. टाकीचं लिहिलं, कारकुनाच्या झाकणाचं लिहिलं, बाबांच्या दाढीचंही लिहिलं. गाल कोणाचा ते लिहिलं नाही. काकूंचं एक अक्षर लिहिलं नाही.

तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या बाई कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. पहिला वर्ग त्या देतच नाहीत, असं मुलं म्हणायची. पर्स मांडीवर घट्ट धरून त्या बसल्या होत्या. शेजारी हं सर. बेबी खुर्चीत बसली आणि तिची बोबडी वळली. जिन्यात फडाफडा बोलणारी मुलगी इथं ‘म्हणजे’ आणि ‘असं’ एवढ्या दोनच शब्दांवर गुजराण करू लागली.

"तुमचं म्हणणं, सगळ्यात महत्त्वाचं माणसं दारात बोलतात," बाई म्हणाल्या. "पाणी, साबण, झाकण, हे ठीक आहे, गमतीचं आहे. पण ‘सगळ्यात जड’ असं लिहिलंय तुम्ही. त्याचं भक्कम उदाहरण यात कुठाय?"

"आहे," बेबी म्हणाली. "पण ते देता येणार नाही."

"का?"

"ते माझं नाही. मला लिहायला म्हणून कुणी सांगितलेलं नाही."

"संशोधनात असं चालत नाही हो. पुरावा नसेल तर मी मानू कशी?"

बेबीला समोर काकांच्या ऑफिसातला टाइपरायटर दिसू लागला. त्याच्यावरचं काळं कव्हरसुद्धा दिसलं. तरी ती म्हणाली, "मग ते वाक्य मी काढते. पण ते बोलणं देणार नाही."

"हं," सर म्हणाले.

"ठीक आहे. या तुम्ही," बाई म्हणाल्या.

बेबी उठली. पिशवी घेतली, दाराशी गेली, कडीला हात लावला.

"अहो, एक मिनिट," बाई म्हणाल्या. त्या उठून तिच्यामागे आल्या होत्या. पर्स खुर्चीवरच राहिली होती. "तुमचं वाचताना मला सारखी एक आठवण येत होती. मी माहेरी गेले की वडील माझ्याशी अक्षर बोलायचे नाहीत. चार दिवस राहा, आठ दिवस राहा. निघताना मात्र फाटकाशी यायचे आणि विचारायचे, ‘तिकडं बरं आहे ना तुझं?’ मी म्हणायची, हो. दर वर्षी हो. एका वर्षी बरं नव्हतं."

"मग?"

"मग काय? त्या फाटकाशीच सांगितलं सगळं. गाडी चुकली माझी." बाई जराशा हसल्या, मग थांबल्या, मग पुढं बोलत राहिल्या. बेबी ऐकत राहिली. बाहेर बाकावर बसलेल्या पुढच्या मुलानं एकदा आत डोकावलं, दुसऱ्यांदा डोकावलं आणि शेवटी तो चहा प्यायला निघून गेला.

"बाई," आतून सर म्हणाले, "आपण कुठं उभ्या आहात?"

बाईंनी खाली पाहिलं. एक पाय खोलीत होता, एक बाहेरच्या व्हरांड्यात. त्या इतक्या हसल्या की त्यांना चौकटीचा आधार घ्यावा लागला.

"हे मात्र तुम्ही लिहायचं नाही," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"नाही लिहिणार."

"मग झालं तर. भक्कम उदाहरण मिळालं मला. आणि ते वाक्य काढायचं नाही, समजलं?"

पहिला वर्ग त्या वर्षी एकट्या बेबीला मिळाला. हं सर निकालाच्या फळ्यापाशी उभे होते. तिनं नमस्कार केला. "हं," ते म्हणाले, आणि हे ‘हं’ शाबासकीचं आहे, हे बेबीला कुणी सांगायची गरज पडली नाही. ती चार पावलं गेल्यावर मागून म्हणाले, "एम.ए.ला माझ्याकडेच या."

इमारतीत पोस्टमास्तरांनी बातमी घरोघर पोचवली आणि मार्गदर्शन कुणाचं होतं तेही सांगितलं. काकूंची पट्टी निघाली होती. काळा चष्मा लावून त्या दारात उभ्या होत्या. "कोण ते? प्रबंधवाल्या बाई का? ये गं बेबी." इमारतीनं नाव काही बदललं नाही. पण त्या दिवशी बेबीला ते नाव खुपलंही नाही.

बाबा मात्र निकाल ऐकून "बरं" म्हणाले आणि जेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी डबा उचलला, "येतो" म्हणाले आणि जिना उतरले. मधल्या वळणावर त्यांची पावलं थांबली. मग वर आली. बाबा दारात उभे राहिले, एक पाय उंबऱ्याच्या आत, आणि रुमाल काढून दारावरची नावाची पाटी पुसायला लागले.

"काकांना मी सांगितलंय, दुसरा टायपिस्ट बघा म्हणून."

"हो, बाबा."

"काल ऑफिसात तुझा विषय सांगितला. आधी सगळे हसले. मग जेवायच्या सुट्टीत एकेक जण माझ्या टेबलाशी यायला लागला. मुनीम आला, शिपाई आला, साहेबसुद्धा आले. प्रत्येकाला आपल्या दारातलं काहीतरी सांगायचं होतं. साहेब म्हणाले, हे सुचलं कुणाला? मी म्हटलं, मुलगी माझी आहे." पाटी एव्हाना चकाकत होती, तरी बाबा पुसतच होते. "आणि तो गाल माझा होता, तेही सांगून टाकलं. दात दुखत नव्हता म्हटलं. तुझ्या आजोबांचंही असंच होतं, बरं का. तुला कधी सांगितलं नाही मी. मी पहिल्यांदा नोकरीला निघालो तेव्हा ते दारात..."

समोरचं दार किलकिलं झालं. खाली कुणाच्या तरी ऑफिसची बस येऊन निघूनही गेली. बाबा बोलत होते आणि बेबी चौकटीला टेकून ऐकत होती.

आतून आईचा आवाज आला, "अहो, आत तरी या, नाहीतर जा तरी!"